गटावरचं उत्तर हुकू नये म्हणून: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वर्धा नदीच्या अलीकडे आमचं गाव. चौकात माझं रिचार्जचं दुकान आणि गावाबाहेर साडेसहा एकर वावर: पऱ्हाटी (म्हणजे कपाशी), तिच्यात तुरीच्या ओळी, विहिरीजवळ संत्र्याची दोनशे झाडं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं आमच्याकडची पऱ्हाटी खाल्ली, आणि पुढच्या पावसाळ्यात आम्ही आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप गट सुरू केला. तेव्हा गटात २५६ च्या वर माणसं बसत नव्हती. २०२२ मध्ये ती मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली, तसा आमचा गटही फुगला. माणसं वाढली तशी एक तक्रारही वाढली: "मी इचारलं होतं, कोणी सांगितलंच नाही." बहुतेक वेळा कोणीतरी सांगितलेलं असतं, विचारणाऱ्याला ते दिसलेलं नसतं. दुकानात तेच ते सांगून घसा बसला, म्हणून इथं लिहून ठेवतो.

सकाळी प्रश्न टाकला, दुपारी पाहतो तर दीडशे मेसेज. माझं उत्तर शोधू कुठं?

दीडशेच्या दीडशे वाचू नका. गट उघडला की खाली उजव्या कोपऱ्यात एक गोल बाण दिसतो. त्या बाणाच्या वर '@' चं चिन्ह असलेलं दुसरं गोल बटण आलंय का ते पाहा. पोट्टे त्याला ॲट म्हणतात. ते दिसलं तर समजा की कोणीतरी तुमचं नाव घेतलंय किंवा तुमचा मेसेज धरून उत्तर दिलंय. दाबलं की थेट त्या मेसेजवर. पुन्हा दाबलं की त्याच्या पुढच्यावर. ही सोय २०१८ पासून आहे, पण दुकानात आलेल्या कोणाला ते बटण दाखवलं की "हे आजच आलं काय?" असंच विचारतात.

गट न उघडताही अंदाज येतो. चॅटच्या यादीत गटाच्या नावासमोर न वाचलेल्या मेसेजचा आकडा असतो. आकड्याशेजारी '@' असेल तर तुमच्यासाठी काहीतरी आहे. नुसताच आकडा असेल तर बहुधा कोणाच्या तरी वाढदिवसाचे केक आहेत.

'@' आलंच नाही, तर आपल्या प्रश्नातला एखादा शब्द गटाच्या शोधात (सर्चमध्ये) टाका, आपला मेसेज सापडवा आणि तिथून खाली वाचत या. उत्तर काही प्रश्नाच्या आधी येत नाही, म्हणजे वरचं सगळं आपोआप सुटलं.

गटाचा आवाज बंद केला तर उत्तर आलेलंही कळणार नाही ना?

कळेल. ही भीती इतक्या जणांच्या मनात आहे की लोक दिवसभर फोन टणटण वाजू देतात, शेवटी वैतागून गट सोडतात, आणि मग ऐन फवारणीच्या वेळी "मला परत जोडा" म्हणून माझ्याकडे येतात.

गट म्यूट करताना तीन पर्याय येतात: आठ तास, एक आठवडा, कायमचा. बेलाशक कायमचा निवडा. म्यूट केलेल्या गटातही कोणी तुमचं नाव '@' लावून घेतलं किंवा तुमच्या मेसेजला धरून उत्तर दिलं, तर त्याची सूचना येते. बाकीचा सगळा गलका मुका होतो. मी स्वतः आमचा गट कायम म्यूट ठेवतो. ॲडमिननं असं सांगू नये, पण खरं आहे ते आहे.

आणि आर्काइव्ह केला, म्हणजे यादीतून बाजूला ठेवला, तर?

तेच. पूर्वी आर्काइव्हमध्ये टाकलेला गट नवा मेसेज आला की उडी मारून परत वर यायचा. २०२१ पासून तो तिथंच राहतो. नाव घेतलं किंवा तुम्हाला धरून उत्तर दिलं तरच सूचना येते. फक्त एक: आर्काइव्ह केलेला गट डोळ्यांपुढून जातो आणि महिनाभर आठवतही नाही. ज्याला रोज एकदा तरी गट बघायचा आहे त्यानं म्यूट करावा, आर्काइव्ह करू नये.

समोरच्यानं माझा मेसेज धरून उत्तर दिलंच नाही, नुसतंच खाली लिहिलं तर?

खरं दुखणं इथंच आहे, आणि त्यावर तुमच्या फोनमधली कोणतीही सेटिंग चालत नाही.

एका सप्टेंबरातली गोष्ट. पलीकडच्या गावच्या एका काकाजींनी सकाळी सव्वासातला डोमकळीचा, म्हणजे बोंडअळी लागलेल्या पऱ्हाटीच्या फुलाचा, फोटो टाकला. गुलाबासारखी मिटलेली, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. खाली विचारलं, "फवारू का?" वीस मिनिटांत आमच्या गटातल्या एका जाणत्या शेतकऱ्यानं उत्तर लिहिलं: "सापळ्यात पतंग किती येऊन राहिले? सलग तीन दिवस आठ-दहाच्या वर असतील तरच." चोख उत्तर. पण ते त्यानं नुसतं खाली लिहिलं, काकाजींच्या मेसेजला धरून नाही. दरम्यान कोणीतरी पावसाचा अंदाज फॉरवर्ड केला होता आणि त्यावर चौदा जणांचे हात जोडलेले. उत्तर त्या हातांखाली गेलं. काकाजींच्या फोनवर '@' आलं नाही, टण वाजलं नाही. त्यांनी दहा वाजेपर्यंत वाट पाहिली आणि बाजारात जाऊन जे मिळालं ते आणून फवारलं. त्यांच्या वावरात बोंडअळीचे पतंग पकडायचा सापळाच नव्हता, म्हणजे त्या एका प्रश्नानं त्यांना आधी सापळा लावायला लावलं असतं. संध्याकाळी दुकानात आले तेव्हा गटावर चांगलेच चिडले होते. मी त्यांच्याच फोनवर उत्तर काढून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणून उत्तर देणाऱ्यांना हात जोडून सांगतो: ज्याला उत्तर देताय त्याच्या मेसेजवर बोट ठेवून उजवीकडे सरकवा. त्याचा मेसेज लहानशा चौकटीत तुमच्या लिहायच्या जागेच्या वर येऊन बसतो. मग लिहा किंवा बोला. एवढं केलं की त्याच्या फोनवर टण वाजतं, आणि वाचणाऱ्यानं त्या चौकटीवर बोट ठेवलं की तो मूळ प्रश्नावर जातो. सरकवायला जमत नसेल (कापूस वेचून आलेल्या बोटांना तो पडदा ओळखतच नाही, आणि वरून फुटका ग्लासगार्ड), तर मेसेज दाबून धरा, वर वाकडा बाण येतो, तो दाबा. तेही नको असेल तर '@' लिहा, नावांची यादी निघेल, त्यातून माणूस निवडा. हातानं नुसतं "काकाजी" असं लिहिल्यानं काही होत नाही. यादीतून निवडलेलं नावच वाजतं.

प्रश्न कसा टाकला तर उत्तर नीट हाती लागतं?

एका मेसेजमध्ये. आपल्याकडे सवय अशी: पहिला मेसेज "रामराम मंडळी". दुसरा फोटो. तिसरा फोटो. चौथा "हे काय आहे". पाचवा "कोणी सांगेल काय". आता एक जण पहिल्या फोटोला धरून सांगतो, दुसरा चौथ्या मेसेजला धरून, तिसरा पाचव्याला धरून "थांबा, सांगतो" म्हणतो. तीन फांद्या झाल्या. एकाला दुसऱ्याचं उत्तर दिसत नाही आणि तुम्ही तिन्हीकडे फिरत बसता.

फोटो निवडला की त्याच्या खाली लिहायची जागा येते. प्रश्न तिथंच लिहा, म्हणजे फोटो आणि प्रश्न मिळून एकच मेसेज होतो. उदाहरणार्थ: "कोरडवाहू पऱ्हाटी, ७० दिवस. पानं खालून लाल, बाकी झाड हिरवं. मागच्या आठवड्यात चार दिवस पाणी साचलं होतं. पाठीमागून घेतलेला फोटो. काय असावं?" एवढं वाचलं की उत्तर देणाऱ्याला उलट प्रश्न विचारावे लागत नाहीत. संत्र्याचा प्रश्न असेल तर आंबिया बहार की मृग बहार ते आधी लिहा. झाडाचं वय लिहा. फळगळ कधीपासून ते लिहा. "संत्रा गळून राहिला" एवढ्यावर नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतला शास्त्रज्ञही काही सांगू शकणार नाही.

नोटिफिकेशन येतच नाही. ॲप उघडलं की धडाधड सगळे येतात.

हा आजार गटाचा नाही, फोनचा. बॅटरी वाचवायच्या नादात बरेच फोन मागं चालणारी ॲप झोपवून टाकतात. सेटिंगमध्ये ॲप, त्यात व्हॉट्सॲप, त्यात बॅटरी असं जा आणि 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाचा वेगळा खटका असतो, तोही चालू करा. डेटा सेव्हर लावला असेल तर व्हॉट्सॲपला त्यातून सूट द्या. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकताना 'सूचना पाठवू का' असं विचारतो. घाईत 'नाही' दाबलेलं असतं. सेटिंगमधल्या सूचनांत जाऊन ते हो करा. एवढं करूनही येत नसेल तर फोन एकदा बंद-चालू करून पाहा, मग दुकानात या.

वावरात रेंज नसते. तेवढ्या वेळात आलेली उत्तरं हुकतात का?

नाही. फोन बंद असला किंवा रेंज नसली तरी मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर ३० दिवस थांबतो. त्याआधी नेट मिळालं की सगळे एकदम येतात. रात्रीच्या लाईनवर ओलित करायला गेलात आणि सकाळी गावात आलात, तर विहिरीपासून शाळेपर्यंत येईस्तोवर फोन वाजत राहील, तो त्यामुळंच. फोटो मात्र आपोआप उतरतीलच असं नाही. ते डाउनलोडच्या सेटिंगवर आहे.

उलट बाजूनं बघा: तुम्ही पाठवलेल्या मेसेजवर घड्याळ दिसत असेल तर तो अजून तुमच्याच फोनात आहे. प्रश्न गेलाच नाही, उत्तर कुठून येणार? धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून प्रश्न टाकला की एक खूण येईपर्यंत थांबा.

किती जणांनी माझा प्रश्न पाहिला, कळतं का?

आपला मेसेज दाबून धरा, मग 'माहिती' दाबा. कोणाकोणाला पोचला आणि कोणी वाचला त्याची यादी येते. मोठ्या गटात दोन निळ्या खुणा बघत बसू नका, सगळ्यांनी वाचल्याशिवाय त्या निळ्या होत नाहीत, आणि सहाशे माणसांत कोणाचा तरी फोन कायम बंदच असतो. त्या यादीचा खरा उपयोग वेगळा. ज्याला ठाऊक असतं त्यानं वाचलंय का, ते दिसतं. वाचलं नसेल तर त्याला '@' लावून पुन्हा हळूच विचारा. पण तासाभरात तीनदा नको.

उत्तर व्हॉइस मेसेजमध्ये आलं. तीन मिनिटांचा आहे. काय करू?

ऐका. वेग दीडपट किंवा दुप्पट करता येतो, चालू झालेल्या मेसेजवरच्या '१x' च्या खुणेवर बोट ठेवा. बोलणाऱ्यांना माझी विनंती: बोलायच्या आधी प्रश्नाचा मेसेज सरकवून घ्या, मगच माइक दाबा. बोललेल्या उत्तरालाही तोच नियम लागू आहे. औषधाचं नाव आणि प्रमाण असेल तर तेवढं तरी खाली लिहा. आवाज गटाच्या शोधात सापडत नाही, आणि 'पंधरा' आणि 'पन्नास' डवरणीच्या आवाजात सारखेच ऐकू येतात.

उत्तर गटात नाही, मला वेगळं खाजगीत आलं असेल तर?

शक्य आहे. मेसेज दाबून 'खाजगीत उत्तर द्या' निवडलं की उत्तर गटात दिसत नाही, थेट तुमच्या वेगळ्या चॅटमध्ये जातं. बियाणं उधार मागितलं, पैशाची गोष्ट निघाली, किंवा बाईमाणसानं विचारलं की असं जास्त होतं. म्हणून गट धुंडाळायच्या आधी चॅटची यादी वरून खाली एकदा बघा, अनोळखी नंबरसुद्धा. वहिनींनो, गटातल्या सगळ्यांना तुमचा नंबर दिसतो, हे ठाऊक असू द्या. अनोळखी माणूस खाजगीत नको ते बोलू लागला तर सरळ ब्लॉक करा आणि मला सांगा, मी त्याला गटातून काढतो.

घरी एकच फोन. पोरगा गट उघडतो आणि माझे न वाचलेले मेसेज वाचलेले होतात.

घरोघरी हीच बोंब. गट उघडला की 'न वाचलेले' ही पट्टी एकदा दिसते आणि मग जाते. तुमचं उत्तर तुमच्याआधी पोराच्या डोळ्यांखालून गेलेलं असतं, आणि त्याला त्याच्याशी काही घेणं नसतं. पोराला एवढंच शिकवा: '@' दिसलं की तो मेसेज दाबून धरायचा आणि वरची चांदणी दाबायची. संध्याकाळी तुम्ही चांदणी लावलेल्या मेसेजची यादी उघडायची. दुसरा उपाय, चॅट दाबून धरून 'न वाचलेलं' करणं. त्यानं यादीत ठिपका येतो, पण कोणता मेसेज ते काही कळत नाही. नुसती आठवण राहते.

मागच्या वर्षी कोणीतरी तुरीच्या मर रोगावर चांगलं सांगितलं होतं. आता सापडेल का?

गटाच्या शोधात शब्द टाका. पण लिहिणाऱ्यानं 'मर' लिहिलं असेल, 'उबळ' लिहिलं असेल, इंग्रजी अक्षरांत 'तूर वाळली' असंही लिहिलं असेल. बोंडअळी कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून. दोन-तीन रूपं टाकून पाहा. तारखेनं शोधायचीही सोय आहे: शोधाच्या जागेतल्या कॅलेंडरवर महिना निवडला की तिथं जाता. पोळ्याच्या आठवड्यात होतं एवढं जरी आठवलं तरी काम होतं. तुम्ही गटात नंतर आला असाल तर त्याआधीचं तुमच्याकडे नसेल. ज्याच्याकडे आहे त्याला फॉरवर्ड करायला सांगा.

आणि आता तरी चांगलं उत्तर दिसलं की तिथल्या तिथं चांदणी लावा. एक सावध गोष्ट: गटात मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग चालू असेल (२४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस), तर चांदणी लावूनही तो टिकत नाही. तिथं 'जपून ठेवा' हा वेगळा पर्याय आहे. आमच्या गटात मी ती सेटिंग बंद ठेवली आहे, कारण पुढच्या हंगामात पुन्हा तेच प्रश्न येतात.

उत्तर वाचलं, पण नंतर त्यानं बदललं असेल तर मला कळेल का?

बरा प्रश्न. मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांत बदलता येतो, आणि बदलल्याची सूचना कोणाला जात नाही. मेसेजच्या वेळेशेजारी फक्त 'संपादित' असं बारीक लिहिलेलं दिसतं. घाईत कोणी पंपाला ४० मिली लिहिलं आणि पाच मिनिटांनी १० केलं, तर ज्यानं आधी वाचलं त्याच्या डोक्यात ४०च. म्हणून प्रमाण लगेच वहीवर उतरवू नका. फवारणीच्या आधी तो मेसेज पुन्हा एकदा उघडा. पुसून टाकलेल्या मेसेजच्या जागी 'हा मेसेज हटवला' एवढंच राहतं. तसं दिसलं तर देणाऱ्याला विचारा, त्यानं चूक कळल्यावरच पुसलं असेल.

औषधाच्या बाबतीत डबीवरचं लेबल सगळ्यात वर, गटातला शहाणपणा त्याच्या खाली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते इथं कोणी विसरलेलं नाही. दोन उत्तरं उलटसुलट आली तर किसान कॉल सेंटरला १८००१८०१५५१ वर फोन करा, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीच्या कृषी सहायकाला) विचारा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत ते औषध त्या पिकाला आहे का, तेही विचारा.

गटातलं सगळं एकत्रच गडबडतं. कपाशी, संत्रा, भाव, लग्नपत्रिका. वेगवेगळं नाही करता येत?

येतं. टेलिग्रामवर एकाच गटात 'टॉपिक' करता येतात. २०२२ च्या शेवटी ती सोय आली. कपाशीचा वेगळा, संत्र्याचा वेगळा, आणि प्रत्येकाचा न वाचलेला आकडाही वेगळा. गट दोन लाखांपर्यंत जातो आणि ॲडमिननं ठरवलं तर नव्या माणसालाही जुनं सगळं दिसतं. चर्चा सांभाळायला ते चांगलं, यात वाद नाही. मी करून पाहिलं. पण आमच्याकडे ज्या माणसाला उत्तर ठाऊक असतं, त्याच्या फोनमध्ये टेलिग्राम नसतं. म्हणून व्हॉट्सॲपवरच कम्युनिटी (अनेक गटांची एक मोट) करून तिच्यात तीन गट ठेवले आहेत: पिकं, बाजारभाव आणि 'बाकी सगळं'. केक आता तिसऱ्यात जातात. बहुतेक वेळा.

ॲडमिन महत्त्वाचं उत्तर वर चिकटवून का ठेवत नाही?

ठेवतो की. गटाच्या वर पिन केलेली पट्टी दिसते, ती दाबा. २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ठेवता येतं, आणि एका वेळी तीनच मेसेज. पावसाळ्यात त्या तीन जागांसाठी भांडण असतं.

मला हे सगळं जमणार नाही. तुम्हीच फोनमध्ये करून द्याल का?

देतो. संध्याकाळी सातनंतर या, लाईन असली तर. फोन चार्ज करून आणा, आणि लॉकचा आकडा ज्याला ठाऊक आहे त्या पोराला सोबत आणा. परवा एक मामाजी एवढ्या दुरून सायकलवर आले, फोन हातात दिला आणि म्हणाले, "आकडा नातीला ठाऊक, अन् ते वर्ध्याला कॉलेजात."